कामावर त्रास होत असेल तर: कोल्हापुरात नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलीबायकांसाठी

नवीन नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात आपण बरंच काही विचारून घेतो. पगार किती तारखेला होतो, सुट्टी कुठल्या वारी, पीएफ कापतात का, सुटायला उशीर झाला तर शेवटची केएमटी बस मिळते का. या प्रश्नांत आणखी एक घाला: इथं लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे का, आणि तिच्यात कोण कोण आहे?

काही घडून गेल्यावर हा प्रश्न विचारला तर सगळ्यांचे कान टवकारतात. पहिल्या आठवड्यात विचारला तर ती साधी चौकशी असते. शिवाय तक्रारीला मुदत आहे तीन महिन्यांची. ‘थोडं थांबून बघू, सुधारेल’, ‘दिवाळीचा बोनस हातात पडू दे’, ‘घरात बहिणीचं लग्न आहे’ असं करता करता ते तीन महिने निघून जातात. तक्रार लिहायला माझ्याजवळ येऊन बसणाऱ्या बायका बहुतेक वेळा मुदतीच्या शेवटच्या टोकाला आलेल्या असतात. त्यांना धीर कमी असतो असं अजिबात नाही. कुठं जायचं हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून हा लेख.

आधी तुमचं ठिकाण कुठं बसतं ते बघा

कायद्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे: कामाच्या ठिकाणी महिलांचे लैंगिक छळापासून संरक्षण (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३. ऑफिसांत त्याला ‘पॉश कायदा’ म्हणतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ पदावरची स्त्री असते, सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला असतो. समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. मस्टर असतं त्या भिंतीवर किंवा कँटीनच्या नोटीस बोर्डावर तो शोधा. दिसला तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नावांसकट.

आता कोल्हापूरची खरी गोष्ट. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी इथल्या मोठ्या कंपन्या सोडल्या तर आपल्याकडच्या कितीतरी बायका छोट्या जागी राबतात. महाद्वार रोडवरचं साड्यांचं दुकान, गुजरीतली पेढी, उद्यमनगरातलं वर्कशॉप, राजारामपुरीतला डॉक्टरांचा दवाखाना, इचलकरंजीत कांडी भरायचं काम, हुपरीत चांदीचं काम, कुणाच्या घरची धुणीभांडी. अशा ठिकाणी चार-पाच माणसं असतात आणि त्रास देणारा बऱ्याचदा मालक स्वतःच असतो. ‘कायदा कंपनीवाल्यांना, आमच्यासारख्यांना नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय आणि ते साफ चुकीचं आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकाम करणाऱ्या बायकांचा कायद्यात नाव घेऊन उल्लेख आहे. घरकाम करणारीची तक्रार आली आणि त्यात सकृद्दर्शनी तथ्य दिसलं, तर स्थानिक समितीनं सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते.

‘माझं नाव मस्टरवर नाही, मी ठेकेदाराची’ याचीही काळजी करू नका. कायम, हंगामी, रोजंदारी, ठेक्यावरची, शिकाऊ, बिनपगारी, सगळ्या त्यात धरल्या आहेत. कामाची जागाही चार भिंतींपुरती नाही. कंपनीची ने-आण करणारी बस, कामासाठी पाठवलेलं दुसरं गाव, हॉटेलातली मीटिंग, सगळं ‘कामाचं ठिकाण’च. दवाखान्यातली पेशंट किंवा दुकानात आलेली गिऱ्हाईक बाईसुद्धा तिथल्या माणसाविरुद्ध तक्रार करू शकते.

छळ कशाला म्हणायचं

नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि याच जातीचं दुसरं कुठलंही नकोसं वागणं, मग ते बोलून असो वा इशाऱ्यानं. ‘माझं ऐकलंस तर परमनंट करतो’ हेही त्यातच, आणि ‘नाही ऐकलंस तर रात्रपाळी लावतो’ हेही. समोरचा म्हणेल, माझ्या मनात तसं नव्हतं, गंमत केली. कसोटी त्याच्या मनाची नाही. ते तुम्हाला नकोसं होतं का, हा प्रश्न आहे.

हा कायदा एका बाईच्या लढ्यातून आला. राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला आणि त्या रागातून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ च्या विशाखा निकालात पहिले नियम मिळाले. त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. आपल्याकडे कुणी वडीलधारं ‘हे असलं बाहेरचं खूळ’ म्हणालं तर त्यांना सांगा की राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्येच स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. इतकं जुनं आहे ते आपल्या मातीत.

पहिल्या प्रसंगापासून नोंद ठेवा

तक्रार करायची की नाही हे ठरायच्या आधीच नोंद सुरू करा. एक साधी वही पुरे. तारीख, वेळ, जागा, काय झालं, काय शब्द वापरले, जवळ कोण होतं, तुम्ही काय केलंत, नंतर कुणाला सांगितलंत. ती वही घरी ठेवा, कामावरच्या ड्रॉवरमध्ये नको.

मोबाइलवरचे मेसेज डिलीट करू नका, कितीही किळस आली तरी. स्क्रीनशॉट काढताना समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि मूळ चॅट फोनमध्ये तसंच राहू दे. फोन विकू नका, रिसेट मारू नका. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून अमुक तारखेचं फुटेज जपून ठेवा असं दोन ओळींचं पत्र लगेच द्या. साक्षीदार नसेल तर? बहुतेक वेळा नसतोच, असं करणारा माणूस एकटी गाठूनच करतो. त्यानं तक्रार बाद होत नाही. त्याच संध्याकाळी तुम्ही मैत्रिणीला फोन करून रडलात, बहिणीला मेसेज केलात, तर तो फोन आणि तो मेसेजही कामाला येतो.

तक्रार कशी लिहायची

इथं जरा वेळ घ्या, कारण पुढची सगळी चौकशी या कागदावर चालते. मराठीत लिहा, आपण बोलतो तशा मराठीत. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, कायद्यानंच. आजारपणामुळे किंवा धक्क्यामुळे तुम्ही स्वतः जाऊ शकत नसाल तर नातेवाईक किंवा मैत्रीणही तुमच्या वतीनं देऊ शकते.

सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे संकोच. ‘साहेब माझ्याशी वाईट वागले’, ‘घाणेरडं बोलले’ एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या तोंडात ते शब्द येत नाहीत, हे मला कळतं. पण समितीला त्या वाक्यावरून काही ठरवता येत नाही आणि समोरच्याला ‘असं काही झालंच नाही’ म्हणायला मोकळं रान मिळतं. जे शब्द त्यानं वापरले तेच अवतरणात लिहा. ती लाज त्याची आहे. अंदाजे असं असू दे:

‘प्रति, अध्यक्ष, अंतर्गत समिती. विषय: लैंगिक छळाची तक्रार, २०१३ च्या अधिनियमानुसार. मी जूनपासून कोअर शॉपमध्ये ठेकेदारामार्फत काम करते. १२ तारखेला जेवणाच्या सुट्टीनंतर, दीडच्या सुमारास, सुपरवायझर अमुक यांनी मशीन दाखवायच्या निमित्तानं माझ्या कमरेला हात लावला. मी हात झटकून बाजूला झाले. ते म्हणाले, “एवढं काय झालं? ओव्हरटाइम पाहिजे का नको?” त्या वेळी जवळ कुणी नव्हतं. सुटल्यावर मी हे बरोबर काम करणाऱ्या अमुक हिला सांगितलं. १९ तारखेपासून माझा ओव्हरटाइम बंद केला आहे. चौकशी होईपर्यंत मला त्यांच्या हाताखाली काम देऊ नये, ही विनंती.’

शेवटची ओळ विसरू नका. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली, तुमच्या हक्काच्या रजेशिवाय आणखी तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि त्यानं तुमच्या कामाचा शेरा लिहायचा नाही, असा दिलासा समिती मालकाला सुचवू शकते आणि मालकाला तो द्यावा लागतो. पण तो लेखी मागावा लागतो. मागितलाच नाही म्हणून त्याच माणसासमोर रोज उभं राहावं लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

तुमच्या तक्रारीची प्रत त्याला दिली जाते, हेही आधीच माहीत असू दे. म्हणून तुमच्या घरचा पत्ता, मुलांची शाळा असले तपशील उगाच घालू नका.

मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. त्रास वारंवार होत असेल तर सगळे प्रसंग क्रमानं लिहा आणि शेवटच्यापासून मोजा. उलटून गेली असेल तर उशिराचं कारण लिहा. समिती ते नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुभा देऊ शकते.

द्यायची कुठं

कागदपत्रं जोडून सहा प्रती द्यायच्या, असा नियम आहे. सातवी झेरॉक्स आपली. तिच्यावर पोच घ्या: सही, तारीख, शिक्का. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नका, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

स्थानिक समितीसाठी नागाळा पार्कातल्या कलेक्टर ऑफिसात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. गडहिंग्लज, चंदगडकडून एवढ्यासाठी कोल्हापूर गाठायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तहसील कार्यालयात ‘पॉश कायद्याचे नोडल अधिकारी कोण’ असं सरळ विचारा. ऊसतोडीच्या फडात मुकादमाकडून त्रास झाला तरी रस्ता हाच. केंद्र सरकारचं ‘शी-बॉक्स’ हे पोर्टलही आहे, मोबाइलवरून तक्रार नोंदवता येते आणि ती संबंधित समितीकडे जाते.

माणसं दहा किंवा जास्त आणि समितीचा पत्ताच नाही, असंही सापडतं. तो कायद्याचा भंग आहे, मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा केलं तर दुप्पट. तुम्ही मात्र समिती नेमली जायची वाट बघत बसू नका. तक्रार स्थानिक समितीकडे देऊन ठेवा आणि समिती नसल्याचं जिल्हाधिकाऱ्यांना वेगळ्या पत्रानं कळवा.

चौकशीच्या खोलीत

तक्रार मिळाल्यावर समितीनं कामाच्या सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यायची, त्यानं दहा दिवसांत उत्तर द्यायचं, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोघांनाही वकील आणता येत नाही. आपल्या बाजूनं ही चांगलीच गोष्ट आहे, कारण मोठा वकील त्याला परवडतो, आपल्याला नाही. त्याच्यासमोर बसून बोलायला नको वाटत असेल तर तसं आधी कळवा, उत्तरं वेगळ्या वेळी किंवा लेखी घेण्याची विनंती करा. ‘त्या दिवशी कपडे कुठले होते’, ‘नवरा काय करतो’ असं कुणी विचारलं तर या प्रश्नाचा तक्रारीशी संबंध काय, ते नोंदवा, एवढंच शांतपणे म्हणा. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागा. लागोपाठ तीन तारखांना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर तक्रार बंद होऊ शकते, म्हणून तारीख चुकवू नका. अडचण असेल तर लेखी कळवा.

‘मिटवून टाक’

तक्रार दिली की दोन-चार दिवसांत निरोप सुरू होतात. कधी मालकाचे पाहुणे, कधी तालमीतलं कुणी, कधी भावकीतला काका. ‘पोरीच्या जातीला शोभतंय का’, ‘त्याला पण बायकापोरं हाईत’. पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे हा दबाव आपल्याकडे फार मोठा असतो आणि तो प्रेमाच्या भाषेत येतो. त्यात सगळ्यात मोठी भीती घरची असते: कळलं तर नोकरीच सोडायला लावतील.

कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. समेट फक्त तुम्ही मागितलात तरच, चौकशी सुरू व्हायच्या आधी, समितीमार्फत आणि लेखी. पैसे देऊन समेट करता येत नाही. समेटाच्या अटी त्यानं मोडल्या तर चौकशी सुरू करता येते. हॉटेलात बसून, चहा पिऊन कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्यांचं काहीही ऐकू नका.

तुमचं नाव, पत्ता, चौकशीतली माहिती बाहेर सांगायला कायद्यानं मनाई आहे. ‘सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल’ अशी भीती घालतात, तीही खोटी. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटं लिहिलं असं स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

घरी सांगताना एकटीनं सांगू नका. आत्या, मोठी वहिनी, बरोबर काम करणारी एखादी मावशी, जिचं घरात ऐकतात तिला बरोबर घ्या.

पोलिसांत केव्हा जायचं

समिती आणि पोलीस, दोन्ही रस्ते एकाच वेळी खुले आहेत. हात टाकला, पाठलाग केला, चोरून फोटो काढले, जबरदस्ती केली तर समितीची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असू दे, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, ‘हे आमच्याकडे येत नाही’ चालत नाही. अशा गुन्ह्यात तुमचं म्हणणं महिला पोलीस अधिकाऱ्यानं लिहून घ्यायचं असतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद घेतलीच नाही तर तीच हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना पाठवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातलं कलम ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं.

त्रास देणारा गिऱ्हाईक किंवा माल घेऊन येणारा ड्रायव्हर असेल, म्हणजे तिथला नोकरच नसेल, तरी मालकाला हात झटकता येत नाहीत. तुमची इच्छा असेल तर पोलिसांत तक्रार करायला मदत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी कसबा बावड्यातल्या न्याय संकुलात जा किंवा १५१०० ला फोन करा.

निकालानंतर

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, त्यावर साठ दिवसांत मालकाची कारवाई. अहवालाची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. नुकसानभरपाई त्याच्या पगारातून कापून देण्याची शिफारस होऊ शकते. निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील आहे. पुढं उच्च न्यायालयाची वेळ आली तरी आता मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू आहे.

बाकीचे हक्क थोडक्यात. सारख्या कामाला पुरुषाइतकाच पगार. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम द्यायचं तर तुमची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी. आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा.

घरातला मार कामापर्यंत येतो तेव्हा

नवरा पगाराच्या दिवशी गेटवर उभा राहतो, पैसे हिसकावतो, सगळ्यांसमोर शिव्या देतो, ‘कामावर कुणाबरोबर बोलतीस’ म्हणून मारतो. हे ‘घरचं मॅटर’ म्हणून सोडून देतात, आणि शेवटी नोकरी जाते ती तिची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर पगार काढून घेणं हासुद्धा हिंसाचार आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा, ते अर्ज भरून न्यायालयात देतात. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, समुपदेशन आणि पोलिसांची मदत एकाच ठिकाणी मिळते. मार लागला असेल तर आधी सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या आणि तिथले कागद जपा.

अर्जात एक मागणी स्पष्ट लिहा: त्यानं माझ्या कामाच्या ठिकाणी यायचं नाही. न्यायालय असा संरक्षण आदेश देऊ शकतं, पण ही ओळ अर्जात घालायची राहून जाते. आदेश मिळाला की एक झेरॉक्स गेटवरच्या वॉचमनकडे, एक ऑफिसात, एक जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि एक पर्समध्ये ठेवा. त्यानंतर तो गेटवर आला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वॉचमनला ११२ लावायला सांगा आणि पोलीस येईपर्यंत आतच थांबा.